‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ : या वाक्याचा निवेदक कोण?

एखाद्या नामवंताच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली की मराठी वृत्तपत्रांत येणाऱ्या बातमीचा साचा ठरलेला असतो. शस्त्रक्रिया अमुक तास चालली, ती यशस्वी झाली, प्रकृती स्थिर आहे. वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पान उलटतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र या वाक्यापाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ या वाक्यात कर्ता शस्त्रक्रिया आहे. ज्याच्यावर ती झाली तो माणूस वाक्यात कोठेच नाही. यश कोणाचे, ते कोणी ठरवले, कोणत्या दिवशी ठरवले, याबद्दल हे वाक्य काहीच बोलत नाही. कथनशास्त्राच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना विचारतो तोच प्रश्न येथे विचारता येतो : हे कोण सांगत आहे?

पाय मोडला, आतडे कापले, डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तर पुढे कसे आहे हे रुग्ण सांगू शकतो. सांगणारे इंद्रिय वेगळे असते आणि शस्त्र लागलेले वेगळे. मेंदूच्या बाबतीत ही सोय नाही. ज्याला शस्त्र लागले तोच साक्षीदार. म्हणून मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतरच्या जगण्याचा इतिहास हा एका अर्थी निवेदकाच्या अधिकाराचा इतिहास आहे, आणि तो वैद्यकाच्या अभ्यासकांइतकाच आपल्याही विषयात मोडतो.

कथा आपल्याकडे जुनीच आहे. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्य राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या मस्तकाची त्वचा चिरतो, कवटी उघडतो आणि दोन किडे बाहेर काढून लोकांस दाखवतो. शस्त्रक्रियेआधी त्याने श्रेष्ठीकडून वचन घेतलेले असते : एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने निजायचे. श्रेष्ठी प्रत्येक वेळी सात दिवसांतच कंटाळतो. एकवीस दिवसांनी जीवक त्याला सांगतो की तू बरा झाला आहेस; सात महिने म्हटले नसते तर तू सात दिवसही निजला नसतास. मग मोबदला ठरतो : एक लक्ष राजाला आणि एक लक्ष वैद्याला. कथा मोठी चतुर आहे, पण तीही येथेच संपते. त्या श्रेष्ठीला पुढे हिशेब नीट येत होते का, घरची माणसे ओळखू येत होती का, हे कथाकाराला विचारावेसे वाटलेले नाही. ‘तू बरा आहेस’ असे वैद्याने म्हटले की पुरे.

आधुनिक मज्जाशल्याची सुरुवात ज्याच्यापासून धरतात त्या हार्वी कुशिंगकडे येऊ. अमेरिकेत आधी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आणि नंतर बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयात त्याने काम केले. १९३१ च्या एप्रिलमध्ये त्याने खात्रीशीर निदान झालेल्या मेंदूच्या गाठीवरील दोन हजारावी शस्त्रक्रिया केली आणि १९३२ मध्ये या दोन हजार रुग्णांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नाव लांबलचक आहे आणि शस्त्रक्रियेतील मृत्यूंच्या टक्केवारीचा उल्लेख त्या नावातच आहे. यात क्रौर्य नाही. कुशिंगने काम सुरू केले तेव्हा कवटी उघडलेल्या रुग्णांपैकी फार मोठा वाटा टेबलावर किंवा पुढच्या काही दिवसांत मरत असे; त्याने हे प्रमाण दहाच्या आसपास आणले. मरण इतके जवळ असताना ‘जगला’ हाच एक निकाल असतो. बुडणाऱ्याला बाहेर काढणारा त्याला पोहणे आवडते का हे विचारत नाही.

तरीही कुशिंग केवळ आकड्यांचा माणूस नव्हता. विल्यम ऑस्लरच्या चरित्राबद्दल त्याला १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. व्यक्तीचे आयुष्य म्हणजे काय हे त्याला चांगले ठाऊक होते. त्याची सहकारी, विकृतिशास्त्रज्ञ लुईस आयझनहार्ट हिने रुग्णांची नोंद वर्षानुवर्षे जपली. या नोंदींत एक नाव जनरल लेनर्ड वुड यांचे. १९१० मध्ये कुशिंगने त्यांच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली. त्याच वर्षी वुड अमेरिकी सैन्याचे प्रमुख झाले, १९२० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी उभे राहिले, १९२१ पासून फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरल होते. गाठ पुन्हा वाढली. १९२७ च्या ऑगस्टमध्ये कुशिंगने पुन्हा शस्त्र हाती घेतले आणि त्यानंतर काही तासांतच वुड वारले. आता ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हणायची की अयशस्वी? १९११ मध्ये विचाराल तर उत्तर एक, १९२७ मध्ये विचाराल तर दुसरे. मधली सतरा वर्षे मृत्यूच्या टक्केवारीत कोठे बसत नाहीत.

जगण्याच्या गुणवत्तेचा प्रश्न वैद्यकीय वाङ्मयात खऱ्या अर्थाने शिरला तो आमच्या मते एका स्वयंपाकघरातून. १९२८ च्या डिसेंबरात मॉन्ट्रिऑलमध्ये वाइल्डर पेनफिल्डने आपल्या सख्ख्या बहिणीवर, रूथवर, शस्त्रक्रिया केली. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात मोठी गाठ होती आणि ती काढताना त्या भागाचा बराच अंश काढावा लागला. (भारतात वेल्लोर येथे १९४९ मध्ये मज्जाशल्य विभाग सुरू करणारे जेकब चँडी हे पुढे याच पेनफिल्डच्या संस्थेत शिकले.) रूथ वाचली. बोलणे शाबूत, स्मरण शाबूत, हसणे शाबूत. तपासणीच्या खोलीत दोष सापडू नये अशी प्रकृती. सुमारे पंधरा महिन्यांनी तिने एक पाहुणा आणि घरची चार माणसे यांच्यासाठी साधे जेवण करायचे ठरवले. पाहुणा म्हणजे तिचा भाऊच. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात गोंधळून, रडवेली उभी होती. जिन्नस सगळे होते. एकदोन पदार्थ चुलीवर होते, कोशिंबीर झाली नव्हती, मांस शिजायलाच टाकले नव्हते. तिने खूप वेळ एकटीने झटून पाहिले होते.

हा प्रसंग पेनफिल्ड आणि त्याचा सहकारी यांनी १९३५ मध्ये एका शास्त्रीय निबंधात नोंदवला. मेंदूच्या पुढच्या भागाचे कार्य काय, या प्रश्नाला आजही विद्यार्थ्यांपुढे हे उदाहरण ठेवतात. प्रत्येक क्रिया येते, पण क्रियांचा क्रम लावणारी शक्ती हरवते. आम्हांस यात आणखी एक गोष्ट दिसते. हा दोष कोणत्याही चाचणीला सापडला नव्हता, तो सापडला जेवायला आलेल्या भावाला. पेनफिल्ड शल्यविशारद म्हणून तिला भेटला असता तर ‘उत्तम’ असे लिहून मोकळा झाला असता. पाहुणा म्हणून भेटला म्हणून त्याला दिसले. पुढे हाच माणूस कादंबरीकारही झाला, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. रूथ १९३१ मध्ये वारली.

येथवर निवेदक वैद्य आहे, कधी कोरडा, कधी भावाच्या मायेचा. रुग्णाने स्वतः निवेदन हाती घेतल्याचे सर्वांत देखणे उदाहरण हंगेरीचे आहे.

फ्रिद्येश करिंथी (१८८७–१९३८) हा बुडापेस्टचा लाडका विनोदी लेखक. समकालीन लेखकांची विडंबने, शाळकरी आयुष्यावरची रेखाटने, नाटके, वृत्तपत्रीय स्फुटे असे सगळे त्याने लिहिले. जगातली कोणतीही दोन माणसे परिचितांच्या पाचसहा दुव्यांनी जोडता येतात, ही आज सर्वांच्या तोंडी असलेली कल्पना त्याच्या १९२९ च्या एका कथेत आहे. १९३६ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी तो नेहमीच्या सेंट्रल कॉफीगृहात बसला असता त्याला आगगाडी सुटल्याचा आवाज ऐकू आला. त्याने मान वर करून पाहिले. गाडी कोठे नव्हती. आवाज मात्र घरघरत, दणाणत दूर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा. अशा काही गाड्या सुटल्यावर त्याच्या लक्षात आले की रस्त्यावर गाडी नाही, ती आपल्या डोक्यात आहे.

मग डोकेदुखी, ओकाऱ्या, झोक जाणे, दृष्टी मंदावणे. त्याची पत्नी आरांका ब्यॉम स्वतः डॉक्टर होती. तरी निदानाला वेळ लागला, आणि या दिरंगाईची कथा करिंथी इतक्या खेळकरपणे सांगतो की वाचकाला हसू येते आणि लगेच हसल्याची लाज वाटते. अखेर डोळ्याच्या डॉक्टरने आतल्या पडद्यामागची सूज पाहिली : कवटीत दाब वाढला होता. मित्रांनी आणि चाहत्यांनी पैसे उभे केले आणि त्याला स्टॉकहोमच्या सेराफिमर रुग्णालयात कुशिंगच्या परंपरेतला हर्बर्ट ओलिव्हेक्रोना याच्याकडे नेण्यात आले. गाठ लहान मेंदूत होती. मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली ती डोक्यापुरती भूल देऊन. रुग्ण पूर्ण जागा. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून हे शक्य होते.

१९३७ मध्ये त्याचे पुस्तक आले. नावाचा अर्थ ‘माझ्या कवटीभोवतीचा प्रवास’. आपल्याच खोलीत प्रवास करणाऱ्या फ्रेंच लेखकाची, झाव्हिए द मेस्त्रची, आठवण ज्यांना होईल त्यांना त्यातला खट्याळपणा कळेल. कवटीला भोक पाडणाऱ्या यंत्राचा आवाज आतून ऐकणारा लेखक वाङ्मयाच्या इतिहासात फार नाहीत. आणि तेथेच तो एक विलक्षण गोष्ट करतो. पालथ्या पडलेल्या, काहीच न दिसणाऱ्या माणसाच्या जागेवरून तो निवेदन उचलतो आणि वर, छतापाशी नेऊन ठेवतो. तेथून तो आपलेच उघडे डोके आणि त्यावर वाकलेला शल्यविशारद पाहतो. हा भास होता, स्वप्न होते की लेखकाची युक्ती, यावर वाद घालता येईल. आमचे मत असे की तो प्रश्न गौण आहे. प्रथमपुरुषी निवेदकाला आपल्या मेंदूवरील शस्त्रक्रिया सांगायची तर तृतीयपुरुषात जाण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्याने अनुभवातून शोधले.

करिंथीची दृष्टी परत आली. तो बुडापेस्टला परतला, लिहू लागला, कॉफीगृहात बसू लागला. १९३८ च्या ऑगस्टमध्ये बालाटोन सरोवराकाठच्या शिओफोक गावी तो मेंदूच्या आघाताने गेला. दोन वर्षे आणि काही महिने. या काळाला पुस्तकाच्या कोणत्याही वाचकाने अपयश म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पण येथे एका सापळ्याची नोंद घ्यायला हवी. करिंथीचे पुस्तक हाच त्याच्या बरे होण्याचा पुरावा म्हणून वाचले जाते : असे लिहू शकणारा माणूस बराच असणार. म्हणजे जो लिहू शकतो त्याचीच साक्ष आपल्यापर्यंत पोहोचते आणि त्याच्यावरून आपण बाकीच्यांची कल्पना करतो. ज्याची भाषा गेली, क्रम गेला, लिहावेसे वाटण्याची इच्छाच गेली, त्याचे पुस्तक ग्रंथालयात नसते. रुग्णसाहित्य या नावाने अलीकडे अभ्यासक्रमांत जे शिकवले जाते त्यात ही गाळणी आधीच लागलेली असते, हे विद्यार्थ्यांस सांगणे अगत्याचे आहे.

गाळणीच्या पलीकडे काय राहते ते पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. करिंथीच्या शस्त्रक्रियेच्या सहा महिने आधी, १९३५ च्या नोव्हेंबरात, लिस्बन येथे एगाश मोनीश याने मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू तोडण्याचा प्रयोग सुरू केला. १९३६ मध्ये त्याने वीस रुग्णांचा निकाल जाहीर केला : सात बरे, सात सुधारले, सहा तसेच. पाहणी अवघ्या काही आठवड्यांची वा महिन्यांची होती. ज्याने रुग्ण पुरवले त्या सोब्राल सिद या मनोविकारतज्ज्ञाने पुढे रुग्ण देणे थांबवले. त्याच्या मते ही माणसे बरी झाली नव्हती, उणी झाली होती. त्याचे कोणी ऐकले नाही. मोनीशला १९४९ चे नोबेल मिळाले. ‘बरा’ या शब्दाचा अर्थ येथे शांत, आवरता येण्याजोगा, घरी पाठवता येण्याजोगा असा होता. तो वॉर्डाच्या दृष्टीने बरा होता.

अमेरिकेत हा प्रयोग नेणारा वॉल्टर फ्रीमन याच्याबद्दल एक विचित्र सत्य आहे आणि ते टाळणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. रुग्णांचा इतका चिकाटीने पाठपुरावा करणारे त्या पिढीत थोडेच. व्यवसाय संपल्यावरही तो गाडी घेऊन देशभर आपल्या जुन्या रुग्णांना भेटत हिंडला, पत्रे लिहीत राहिला, कोण रुग्णालयाबाहेर आहे, कोण कामावर आहे याच्या नोंदी ठेवत राहिला. म्हणजे पाठपुरावा केला की सत्य कळते, असेही नाही. प्रश्न चुकीचा असेल तर तीस वर्षे विचारूनही उत्तर चुकीचेच येते. १९४१ मध्ये फ्रीमन आणि त्याचा शल्यविशारद सहकारी जेम्स वॉट्स यांनी रोझमेरी केनेडीवर, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडीच्या बहिणीवर, वडिलांच्या संमतीने हीच शस्त्रक्रिया केली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. चालणे आणि बोलणे बव्हंशी गेले. ती २००५ पर्यंत जगली. तिच्याविषयी आज ग्रंथ आहेत. तिचे स्वतःचे निवेदन नाही.

आणि दुसरीकडे जॅनेट फ्रेम. न्यूझीलंडची ही लेखिका अनेक वर्षे मनोरुग्णालयांत होती आणि तिच्यावर हीच शस्त्रक्रिया करण्याचे ठरले होते. १९५१ च्या तिच्या पहिल्या कथासंग्रहाला पारितोषिक मिळाल्याची बातमी रुग्णालयाच्या अधीक्षकाने वाचली आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. पुढे ती आपल्या देशाची श्रेष्ठ कादंबरीकार ठरली आणि तिने आत्मचरित्राचे तीन खंड लिहिले. साहित्याची प्राध्यापक मंडळी ही कथा साहित्याच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून सांगतात. आम्हांस ती ऐकताना त्याच वॉर्डातल्या, पारितोषिक न मिळालेल्या बायका आठवतात.

हेन्री मोलेसन हे नाव २००८ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत जगाला ठाऊक नव्हते. निबंधांत तो केवळ ‘एच. एम.’ होता. अपस्माराच्या झटक्यांनी त्याचे आयुष्य अशक्य झाले होते. १९५३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिलने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. झटके पुष्कळ कमी झाले. ज्यासाठी शस्त्रक्रिया केली ते साधले. मात्र त्या दिवसापासून नवे काहीही त्याच्या स्मरणात टिकेना. भेटून गेलेला माणूस काही मिनिटांत अनोळखी होई. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी हे प्रसिद्ध केले आणि स्मृतिविज्ञानाची दिशा बदलली. विज्ञानाला हेन्रीकडून जे मिळाले ते अपार आहे. स्वतः हेन्रीचे काय? त्याला भेटणारे सांगत की तो सौम्य, हसतमुख असे आणि शब्दकोडी सोडवत असे. पंचावन्न वर्षे. ‘आता कसे वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर तो देऊ शके. ‘शस्त्रक्रियेनंतर कसे आहे?’ याचे नव्हे, कारण ‘नंतर’ म्हणजे काय हे कळायला जे लागते तेच काढून टाकले होते.

म्हणून मोजपट्टी हवी झाली. १९७५ मध्ये ग्लासगो येथील शल्यविशारद ब्रायन जेनेट आणि मनोविकारतज्ज्ञ मायकेल बाँड यांनी मेंदूला गंभीर इजा झालेल्यांसाठी पाच पायऱ्यांची श्रेणी सुचवली. सर्वांत खाली मृत्यू. त्यावर जागे असणे पण भान नसणे. त्यावर तीव्र अपंगत्व, म्हणजे भान आहे पण रोजच्या जगण्यास दुसऱ्याचा आधार लागतो. त्यावर मध्यम अपंगत्व, म्हणजे उणीव आहे पण स्वावलंबन आहे. आणि सर्वांत वर ‘चांगली सुधारणा’. ही श्रेणी लहान, स्वस्त आणि कोठेही वापरता येण्यासारखी होती, म्हणून ती जगभर गेली. पुढे तिच्या आठ पायऱ्या झाल्या आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखतही तयार झाली : घरात एकटे राहता का, बाजारहाट करता का, प्रवास करता का, कामावर परत गेलात का, घरात भांडणे वाढली आहेत का. या शेवटच्या प्रश्नाबद्दल आम्हांस या मोजपट्टीविषयी आदर वाटतो. तो पेनफिल्डच्या पाहुण्याचा प्रश्न आहे.

शब्दांची सरहद्द कोठे आखायची यावर मात्र पुष्कळ अवलंबून असते. इजेने मेंदू सुजतो आणि औषधांनी दाब उतरत नाही, तेव्हा कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात, म्हणजे सुजलेल्या मेंदूला जागा मिळते. ही शस्त्रक्रिया करावी की औषधेच चालू ठेवावीत, हे तपासणाऱ्या ‘रेस्क्यू-आयसीपी’ या मोठ्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात २६.९ टक्के रुग्ण मरण पावले होते, औषधांच्या गटात ४८.९ टक्के. केवढा फरक! पण त्याच तक्त्यात पुढच्या रकान्यात, भानाविना जगणारे ८.५ टक्के आणि २.१ टक्के. मरणापासून वाचलेल्यांतले काही जण अशा पायरीवर थांबले की जेथे आपण थांबावे का, हे त्यांना कोणी विचारू शकले नाही. या चाचणीच्या संशोधकांनी ‘अनुकूल’ निकालाची रेषा नेहमीपेक्षा खाली घेतली होती : घरात स्वतःचे स्वतः करता येते पण बाहेर पडायला सोबत लागते, एवढेही त्यांनी अनुकूल मानले. चूक की बरोबर? व्हरांड्यात बसून पेपर वाचणारा आणि घराबाहेर एकटा न जाणारा माणूस आपल्या ओळखीत प्रत्येकाच्या आहे. त्याचे जगणे प्रतिकूल, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आणि ते अनुकूल, असे दुसऱ्याच्या वतीने म्हणण्याचा अधिकारही आम्हांस नाही.

स्वतः माणसांना विचारले तर काय होते? १९९९ मध्ये अमेरिकेत अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर यांनी तीव्र वा मध्यम अपंगत्व असलेल्यांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपले जगणे चांगले वा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला हे खरे वाटत नाही. कोणी म्हणते, त्यांनी अपेक्षा कमी केल्या. कोणी म्हणते, जगण्यात काय मोलाचे आहे ते त्यांना नव्याने कळले. आणि मेंदूच्या बाबतीत तिसरी, अधिक अस्वस्थ करणारी शक्यता उरते : उणीव जाणवून देणारा भागच उणा झाला असेल तर?

याच गाठीपाशी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे आम्ही सुचवू. इंग्लंडचा कलासमीक्षक टॉम लबॉक याला २००८ मध्ये मेंदूची घातक गाठ असल्याचे कळले आणि ती भाषेच्या भागात होती. शस्त्रक्रिया झाल्या. शब्द हळूहळू हातातून निसटत गेले आणि तो ते निसटणे लिहीत गेला, पुढे पत्नीच्या मदतीने. २०११ च्या जानेवारीत तो वारला. पुस्तक २०१२ मध्ये आले. त्याची पत्नी, चित्रशिल्पकार मॅरियन काउट्स, हिचे पुस्तक २०१४ चे. आजार एक, घर एक, वर्षे तीच. त्याच्या पुस्तकात वाक्ये आखूड होत जातात आणि तरी त्यांत कुतूहल आहे. तिच्या पुस्तकात तो आहे, त्यांचे लहान मूल आहे, जिने, गाड्या, दवाखान्याच्या खेपा आहेत, आणि त्याने न लिहिलेला थकवा आहे. यांतले खरे कोणते, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण विचारत नाही. रुग्णालयाच्या नोंदवहीला मात्र एकच उत्तर हवे असते.

आमच्या परिचयात एक निवृत्त मराठी शिक्षक आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली. सुटीच्या कागदावर सर्व काही समाधानकारक लिहिलेले होते आणि ते खरेही होते. सर चालतात, बोलतात, जुन्या कविता पाठ म्हणतात. फक्त दोन माणसे एकदम बोलू लागली की उठून आत जातात, आणि चाळीस वर्षे रोज रात्री वाचणाऱ्या या माणसाने त्यानंतर एकही नवी कादंबरी पुरी केलेली नाही. एक वर्ष झाल्यावर रुग्णालयातून पाहणीसाठी दूरध्वनी आला. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे काकूंनी दिली : झोप, औषधे, डोकेदुखी, पडणे-झडणे. पाचवा प्रश्न होता, शून्य ते दहा यांत सध्याच्या जगण्याला किती गुण द्याल? काकू क्षणभर थांबल्या आणि ‘पाच’ म्हणाल्या. सरांनी ते ऐकले, दूरध्वनी मागून घेतला आणि ‘आठ लिहा’ असे सांगितले. पलीकडच्या मुलीने दोघांनाही विचारले की मग नेमके काय लिहू, कारण चौकट एकच आहे.